रूथचं एक वाक्य

इतिहासाची प्राध्यापक म्हटलं की कोल्हापुरात लोक लगेच पन्हाळ्याचं बोलायला लागतात. मी इंग्लंडचा इतिहास शिकवते म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी सोळाव्या शतकातल्या ट्यूडर राजांच्या दरबारात घालवली, तीही सकाळी सव्वासातच्या तासाला, कागल-जयसिंगपूरच्या एसटीतून झोपेत उतरलेल्या पोरांसमोर. एकदा कागलचे एक पालक मुलगी नापास झाली म्हणून भेटायला आले. बराच वेळ माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, ती राणी कवाच मेली न्हवं? मग आमच्या पोरीला कशाला छळतीया?”

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते सुखाचं नाही.

ज्यांनी हा विषय कधी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठव्या हेन्रीला पहिली बायको सोडायची होती. रोमचे पोप परवानगी देईनात. तेव्हा त्यानं पोपशी संबंध तोडून इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मीच, असं जाहीर केलं. त्याच्यामागून त्याचा लहान मुलगा एडवर्ड गादीवर आला, तो पक्का प्रोटेस्टंट. तो लवकर गेला. मग थोरली बहीण मेरी आली, ती पक्की कॅथलिक. तीही गेली आणि धाकटी एलिझाबेथ आली, पुन्हा प्रोटेस्टंट. साधारण बारा वर्षांच्या आत दरबारातल्या माणसांना तीनदा प्रार्थना बदलावी लागली. ज्यांना जमलं नाही त्यांतले काही जळाले, काही फासावर गेले.

एवढं सांगितलं की मुलं विचारायची, “पण मॅडम, देव तर एकच, येशूही एकच. मग भांडण कशाचं?” मी फळ्यावर लिहायची. प्रमुख कोण, पोप की राजा? प्रार्थना लॅटिनमध्ये की आपल्या भाषेत? संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्ती लावायची की नाही? आणि सगळ्यांत मोठा झगडा, उपासनेत जो पाव आणि द्राक्षारस देतात त्याचा. कॅथलिकांच्या मते तो खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतो. प्रोटेस्टंटांतले बरेच म्हणत, तसा होत नाही.

कबनूरचा जावेद नावाचा एक विद्यार्थी होता, घरी यंत्रमाग. तो एकदा म्हणाला, “आमच्या घरात बी हाय की मॅडम. थोरले चाचा दर्ग्याला जातात, धाकट्यांना ते चालत न्हाई. एका ताटात जेवतात, पण त्या विषयावर तोंड उघडत न्हाईत.” माझ्या सगळ्या तासापेक्षा त्याची दोन वाक्यं वर्गाला जास्त कळली. दुसऱ्या एकाने परीक्षेत लिहिलं होतं, ‘मेरीने प्रोटेस्टंटांना जाळले, एलिझाबेथने कॅथलिकांना मारले, त्यामुळे इंग्लंडमध्ये शांतता नांदू लागली.’ स्टाफरूममध्ये मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. गुण किती द्यावेत यावर मात्र एकमत झालं नाही.

माझा आवडता तास वेगळाच होता. त्या दरबारात एक सरदार होता, जो हेन्री, एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या चौघांच्याही हाताखाली मोठ्या पदावर राहिला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. मी त्याला ‘चार राज्यांचा माणूस’ म्हणायची. त्याच्या शेजारी मी जेन नावाच्या मुलीला उभं करायची. सोळा-सतरा वर्षांची पोर, मोठ्यांनी आपल्या मतलबासाठी तिला नऊ दिवस राणी केली. मेरीने तिला कैद केलं, आणि मारण्याआधी तिचं मन वळवायला एका कॅथलिक धर्मगुरूला पाठवलं. जेनने त्याच्याशी वाद घातला, अगदी त्या पावावरूनसुद्धा, आणि मत न बदलता कुऱ्हाडीखाली मान दिली. हे सांगून झालं की मी हात झटकून म्हणायची, “आता तुम्हीच सांगा, शहाणं कोण?” वर्ग ओरडायचा, “चार राज्यांचा माणूस!” मला ते ऐकायला आवडायचं. मी शेतकऱ्याच्या घरातली, आठ भावंडांतली. तगून राहणं हीच मला अक्कल वाटायची.

रूथ सातपुते तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. वडील, त्यांना ती तात्या म्हणायची, वीजखात्यात वायरमन, घर जुन्या मिशनच्या आवाराजवळ. आई ती शाळेत असतानाच वारली होती. अशी मुलगी, जिची वही इतर सगळे मागून नेतात. त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

“मॅडम, तुम्ही म्हणालात की एका पावाच्या तुकड्यावरून माणसं जाळली.”

“मग? जाळलीच की.”

“आम्ही प्रोटेस्टंट आहोत. आमच्यात तो पावच राहतो असं शिकवतात. पण तरी तो नुसता तुकडा नसतो मॅडम. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, तेव्हा हाच पाव घेतात. त्या दिवशी तात्या सकाळपासून काही खात नाहीत.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बरोबर आहे बाई, पुढच्या वेळी नीट सांगेन.” पुढच्या वर्षी मी तेच वाक्य तसंच म्हटलं. वर्गाला ते आवडायचं.

सहा-सात वर्षांनी एका रविवारी दुपारी रूथ माझ्या घरी आली. ती आता एका शाळेत शिकवत होती. सोबत अँथनी होता, शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर. मूळचं घराणं बेळगावकडचं, कॅथलिक. दोघांचं लग्न ठरत होतं आणि अडकतही होतं.

“फादरांची काही हरकत नाही,” अँथनी म्हणाला. “ते म्हणाले, रूथनं तिच्याच चर्चमध्ये राहावं, रीतसर परवानगी घेऊन लग्न लावू. प्रश्न मम्मीचा आहे.”

त्याची आई सेलीनाबाई. नवरा लवकर गेलेला, बाईने शिवणकाम करून तीन मुलं वाढवली, आणि रोज संध्याकाळी सगळं घर एकत्र बसवून जपमाळ म्हणायची हा तिचा नेम. तिला भीती होती की सून वेगळ्या देवळात गेली तर तो नेम मोडेल आणि घर मोडेल. तिने निरोप पाठवला होता, एका घरात दोन देवळं नकोत.

“आणि तात्या काय म्हणतात?” मी रूथला विचारलं.

“तात्या लग्नाला तयार आहेत. पोरं कॅथलिक झाली तरी चालतील म्हणाले. फक्त मी बदलायचं नाही.” तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “कॅथलिक व्हायला पुन्हा बाप्तिस्मा वगैरे नसतो मॅडम. फक्त हे एक वाक्य सगळ्यांसमोर म्हणायचं असतं.”

मी वाचलं. पवित्र कॅथलिक चर्च जे काही देवाने प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि घोषित करतं, त्या सगळ्यावर माझा विश्वास आहे, अशा अर्थाचं.

“तुझा आहे का?”

“नाही ना. तोच तर प्रश्न आहे.” ती कागदाकडे बघत राहिली. “म्हणजे मला त्यांचं वाईट वाटत नाही. पण विश्वास आहे असं कसं म्हणू?”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी चहा ओतला आणि जे एवढी वर्षं वर्गात सांगत आले तेच सांगितलं. “रूथ, एकच तर वाक्य आहे. म्हणून टाक. मनात काय ठेवायचं ते ठेव, तिथं कोण बघायला येतंय? चार राज्यांच्या माणसाला विसरलीस का?”

अँथनी हसला. रूथ हसली नाही. पण कागदाची घडी तिने परत घातली, आणि दीड महिन्याने ते वाक्य म्हटलं.

मी लग्नाला गेले होते. सेलीनाबाईंनी सुनेच्या गालांना हात लावून रडून घेतलं. रूथचे तात्या आले नाहीत.

ते त्यानंतर तिच्याशी बोललेच नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत. ती घरी गेली की ते दार उघडायचे, खुर्ची द्यायचे आणि पेटी घेऊन मागच्या खोलीत जायचे. ते दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत, त्यामुळे सरावाचं निमित्त कायम हाताशी असे. तिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी शेजारणीकडून बाळंतविडा पाठवला, स्वतः गेले नाहीत. रूथ मला फोनवर सांगायची आणि मी म्हणायची, “होईल गं, बाप आहे, विरघळेल.” दोन वर्षं झाली, तीन झाली.

चौथ्या वर्षी मी स्वतःच त्यांच्याकडे गेले. मी निवृत्त झाले होते, आणि आयुष्यभर लोकांना समजावून सांगितल्यावर एका माणसाला समजावणं काय अवघड, असं वाटत होतं.

याकोब तात्या अंगणात सायकलची चेन साफ करत होते. उंच, वाळलेले, हाताच्या शिरा वर आलेल्या. “सलाम मॅडम,” म्हणाले आणि हात पुसून खुर्ची आणली.

मी तयार करून नेलेलं सगळं बोलले. देव एकच, मुलगी एकुलती, नातू मोठा होतोय. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाले, “एक इचारू? ते वाक्य म्हण, असं रूथला तुम्ही सांगिटलंसा व्हय?”

“हो.”

“मनात काय बी ठेव, असं बी?”

“हो.”

त्यांनी चेन खाली ठेवली. “माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा गावानं इहीर बंद केलती. तीन कोसावनं आजी पाणी आणायची. गावातली चांगली माणसंच, मॅडम, वाईट न्हवं, ती रोज यायची आन् म्हणायची, ‘याकूबा, तोंडानं नुसतं ख्रिस्ती न्हाई म्हण, मनात काय ठेवायचं त्ये ठेव. कोण बघाय येतंय?’” आजोबांचं नावही याकोबच होतं. “त्यानं तसं म्हटलं न्हाई. त्यापायी त्येची एक लेक गेली, पाण्यावाचून. आमच्या घरात ही गोष्ट लहानपणापासनं सांगत्यात. रूथला बी सांगितलिया.”

त्यांनी चेन परत उचलून पुसायला घेतली.

“माझं कॅथलिकांशी भांडण न्हाई. अँथनी गुणी पोरगा हाय. तिला खरंच पटलं असतं तर मी सोता पेटी घेऊन तिच्या देवळात वाजवाय गेलो असतो, खोटं न्हाई सांगत. पर तिनं देवाफुडं उभं राहून न पटल्यालं बोललं. मी तिच्याशी काय बोलू? जे बोलेल ते खरं का, ह्ये मला कसं कळायचं?”

जाताना ते फाटकापर्यंत सोडायला आले. “तुमच्यावर राग न्हाई,” म्हणाले. “तुम्ही शिकल्यालं माणूस. तुम्हाला ते नुसतं वाक्य वाटलं.”

त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या टिपणांची फाईल काढली. जेनवरच्या पानावर माझ्याच अक्षरात समासात लिहिलं होतं, ‘हट्टी. पण मुलांना आवडते.’ बावीस वर्षं मी तो तास घेतला होता. जळणाऱ्या माणसांनी नेमकं काय गमावू नये म्हणून जीव दिला, हे मला एका वायरमनने सायकलची चेन साफ करता करता सांगितलं होतं. आणि मी त्याच्या मुलीला आधीच सल्ला देऊन बसले होते.

रूथला मी हे सगळं फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, “आजोबांची गोष्ट मला माहीत होती मॅडम. म्हणून तर तुमच्याकडं आले होते. तुम्ही नको म्हणाल असं वाटलं होतं.”

दोन वर्षांनी तात्यांना यकृताचा आजार निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका शनिवारी सकाळी रूथचा फोन आला. “आज चर्चचे पाळक घरी येऊन तात्यांना प्रभुभोजन देणार आहेत. मला जायचंय. तुम्ही याल बरोबर? एकटीला धीर होत नाही.”

आम्ही गेलो तेव्हा चर्चच्या मंडळीतली चार माणसं होती. तात्या पलंगावर टेकून बसवलेले, डोळे पिवळे. त्यांनी रूथला पाहिलं आणि नजर बाजूला केली नाही. एवढ्यानेच तिचा चेहरा बदलला. पाळक तरुण होते, स्वभावाने मऊ. त्यांनी बायबलातलं वचन वाचलं, प्रार्थना केली आणि ताटली हातात घेतली. पावाचे छोटे तुकडे, शेजारी बोटाएवढ्या पेल्यांत द्राक्षरस. तात्यांनी बोट वर करून थांबवलं. आवाज जवळजवळ गेला होता.

“आधी तिला.”

 पाळकांनी क्षणभर विचार केला आणि ताटली रूथपुढे धरली. सहा वर्षांनी बाप लेकीला जेवायला बोलावत होता. मी मनात म्हटलं, घे बाई, घे. मला अजून अक्कल आलेली नव्हती.

रूथचा हात पुढे गेला आणि परत आला. ती पलंगापाशी गुडघ्यांवर बसली.

“तात्या, मला हे घेता येत नाही.” ती म्हणाली. “मी ते वाक्य म्हटलं तेव्हा ते खोटं होतं. तुम्ही ओळखलं होतंत. पण नंतर मी सासूबाईंच्या शेजारी रोज बसले. बाळ आजारी होतं तेव्हा रोज त्यांच्या चर्चमध्ये मिस्साला गेले. कधी झालं मला माहीत नाही, पण आता ते खरं झालंय. मी आता खरंच कॅथलिक आहे, तात्या. तुमच्या चर्चचं हे तुमच्यासाठी म्हणून घेतलं तर मी दुसऱ्यांदा खोटं करीन.”

मंडळीतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. तात्या रूथकडे बघत होते.  मग त्यांनी मान डोलावली, एकदाच.

“मग घिऊ नगो,” ते म्हणाले.

त्यांनी स्वतः तुकडा घेतला. गिळायला फार त्रास झाला. पेला रूथनेच त्यांच्या ओठांना लावला, आणि तो त्यांनी लावू दिला. त्यानंतर ते भिंतीकडे वळून झोपले. ती दुपारपर्यंत हात धरून बसली होती. ते झोपेत होते की जागे, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळवारी सकाळी ते गेले, पुन्हा एक शब्दही न बोलता.

परतताना रिक्षात तिने मला विचारलं होतं, “त्यांना बरं वाटलं असेल का वाईट, मॅडम?” मला माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. आजही माहीत नाही. त्यांनी मुलीचं खरं मानलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पण ज्या खऱ्याची ते वाट बघत होते ते त्यांच्या हातून तिला कायमचं घेऊन जाणारं होतं, हेही मी त्याच खोलीत पाहिलं.

दफनाच्या वेळी पेटी वाजली नाही. वाजवणारा तेवढा एकच होता. गीत नुसत्या आवाजावर म्हटलं गेलं. अँथनी आणि सेलीनाबाई मागे उभे होते. म्हातारीच्या हातात जपमाळ होती, ती तिने पदराखाली झाकून घेतली होती. तिथल्या लोकांना बरं वाटणार नाही म्हणून. तिच्याविषयी माझ्या मनात असलेला सगळा राग त्या पदराखालच्या मुठीपाशी संपला.

आठवड्याने चर्चच्या कार्यालयातून रूथला बोलावणं आलं. मीही गेले. मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे तात्यांच्याच वयाचे गृहस्थ, कोडोलीकडचे. त्यांनी दफनभूमीचं जाडजूड रजिस्टर उघडलं. 

“याकोबनं तीन जागा धरून ठेवल्या हुत्या, बाळ. एक तुझ्या आईची. एक त्येची. तिसरी तुझ्या नावावर.”

“कधी?” रूथने विचारलं.

“तू ल्हान हुतीस तवा. आई गेली तवाच.”

“नंतर... मधल्या सहा वर्षांत त्यांनी नाव काढायला नाही सांगितलं?”

“न्हाई. मीच दोनदा इचारलं. ऱ्हाऊ दे म्हणाला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पर आता जागा लई कमी हाय, आन् आपल्या मंडळीतल्याच मानसाला द्यायची असा नियम हाय. तू आता तिकडची. तुमची दफनभूमी येगळी. सोडतीस असं लिहून द्यायला लागंल. जबरदस्ती न्हाई, पर...”

रूथने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी चहाच्या कपांसमोर पाहिलं होतं तसंच. या वेळी मी काहीच बोलले नाही. मला सुचलंच नाही असं नाही. सही नको करूस, असं अगदी ओठांवर आलं होतं. खरं म्हणजे ते मला माझ्यासाठी हवं होतं.

तिने पेन घेतलं.

“आताचं नाव चालेल का?” तिने विचारलं.

“न्हाई बाळ,” सेक्रेटरी म्हणाले. “हितं जे नाव हाय तेच लिव्हाय लागतंय.”

त्यांनी रजिस्टर तिच्याकडे वळवलं. तात्यांच्या ठसठशीत अक्षरात तिचं नाव होतं. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि खालच्या रेघेवर, शाळेच्या वहीत लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: रूथ याकोब सातपुते.